हिमोग्लोबिन किती, आणि कोणतं?

महाकोशल असो की विदर्भ, ‘अंगात रक्त नाही’ हे निदान डॉक्टरच्या आधी घरातच होतं. पोर पिवळट दिसलं, सून जिना चढताना मध्येच थांबली, बाळंतपणानंतर मुलगी उठेना, की उपायही ठरलेले असतात: गूळ-शेंगदाणे, बीट, पालक, खजूर आणि मेडिकलमधून आणलेली लोहाची बाटली. तपासणीचा कागद आला की सगळ्यांचे डोळे एकाच आकड्यावर जातात. आठ, नऊ, साडेदहा. आकडा चढला तर सुटलो, नाही चढला तर बाटली बदलायची. पुष्कळदा हे योग्यच असतं, कारण आपल्याकडच्या रक्तक्षयाचं फार मोठं कारण लोहाची कमतरता हेच आहे. पण जबलपूरच्या भोवतालच्या मुलखात तेवढ्यावर थांबून चालत नाही. हिमोग्लोबिन किती आहे ते कळलं. पण ते कोणतं आहे? हे पुस्तक या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिलं आहे आणि त्याचं उत्तर ग्लोबिन नावाच्या प्रथिनात आहे.

हिमोग्लोबिन हे नाव जर्मन रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स होप-सायलर यांनी 1864 साली रूढ केलं. त्याचे दोन घटक. एक हीम, म्हणजे लोहाचा अणू मधोमध बसवलेली छोटीशी चकती. दुसरा ग्लोबिन, म्हणजे त्या चकतीला पोटात घेणारं प्रथिन. प्रसिद्धी सगळी लोहाच्या वाट्याला आली. वास्तविक हिमोग्लोबिनच्या वजनात हीमचा वाटा जेमतेम चार टक्के, उरलेलं सगळं ग्लोबिन. कामाचा हिशेब मांडला तरी पारडं ग्लोबिनकडेच झुकतं. नुसतं हीम पाण्यात सोडलं तर त्यातलं लोह ऑक्सिजनशी कायमची सोयरीक करून बसतं आणि वाहतुकीच्या कामाचं राहत नाही. ग्लोबिन त्याला आपल्या घडीत दडवून ठेवतं, पाण्यापासून वाचवतं. म्हणून फुप्फुसात घेतलेला ऑक्सिजन ते धरूनही ठेवतं आणि बोटाच्या टोकाशी, मेंदूत, गर्भाशयात जिथे हवा तिथे सोडूनही देतं.

मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ग्लोबिनच्या चार साखळ्या असतात: दोन अल्फा, दोन बीटा. अल्फा साखळीत 141 अमिनो आम्लं, बीटा साखळीत 146. अल्फाची जनुकं सोळाव्या गुणसूत्रावर, बीटाचं अकराव्या. या चार साखळ्या सुट्या काम करत नाहीत. एकीनं ऑक्सिजन धरला की सगळ्या रेणूचा आकार किंचित बदलतो आणि बाकीच्यांना तो धरणं सोपं जातं; सोडतानाही तसंच. मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं ही रचना शोधायला केंब्रिजमध्ये 1937 साली सुरुवात केली आणि रेणूचा पहिला आराखडा हाती यायला 1959 साल उजाडलं. 1962 साली त्यांना जॉन केंड्र्यू यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका प्रथिनामागे बावीस वर्षं घालवणाऱ्या या माणसाची चिकाटी पुढच्या साऱ्या वैद्यकशास्त्राच्या उपयोगी पडली, कारण ग्लोबिनमध्ये कुठे काय बिघडतं हे त्यानंतर जागा दाखवून सांगता येऊ लागलं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी, कारण पुढे औषधोपचारांच्या प्रकरणात तिची वारंवार गरज लागेल. पोटातल्या बाळाचं ग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळी असते. आईच्या रक्तातून ऑक्सिजन खेचून घ्यायला हे गर्भाचं हिमोग्लोबिन अधिक समर्थ असतं. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत गॅमा मागे पडतं आणि बीटा पुढे येतं. बीटामध्ये जन्मजात दोष असलेलं बाळ म्हणूनच सुरुवातीला टुणटुणीत असतं. पाच-सहा महिन्यांनी त्याचे हातपाय सुजू लागतात, ताप येतो, डोळे पिवळे दिसतात आणि घरचे म्हणतात, काल-परवापर्यंत चांगलं होतं, कुणाची तरी नजर लागली.

हा आजार म्हणजे सिकलसेल. 1910 साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या लांबट पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. असं का होतं हे मात्र जवळजवळ चाळीस वर्षं कळलं नाही. 1949 साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या वेगानं सरकतं. बिघाड पेशीत नंतर दिसतो, आधी तो रेणूत असतो. एखाद्या आजाराचं मूळ एका रेणूत आहे असं वैद्यकशास्त्रानं पहिल्यांदा म्हटलं ते इथे. 1956 साली व्हर्नन इनग्रॅम यांनी तो बिघाड आणखी नेमका केला. बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलेलं असतं. 146 पैकी एक. पण त्या एकामुळे ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोर बनतात, पेशी ताठ आणि वाकडी होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे अडकते तिथे असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते. रक्त कमी पडतं ते या मोडतोडीमुळे. लोहाच्या बाटलीनं ही मोडतोड थांबत नाही.

भारतात सिकलसेलची नोंद झाली 1952 साली: निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांत बाहेरून नेलेल्या मजुरांत. आपल्या भागाची पाळी लवकरच आली. 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांचा मध्य भारतातल्या सिकलसेल वाहकांविषयीचा, म्हणजे हे जनुक एकाच पालकाकडून आलेल्यांविषयीचा, लेख ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याच्या दोनच वर्षं आधी, 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत, नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. राज्य फुटलं, नागपूरची राजधानी गेली, जबलपूरला उच्च न्यायालय आलं. रक्ताचा नकाशा होता तसाच राहिला. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला येणारी जुनी नॅरोगेज गाडी ज्या जंगलातून धावायची, तो सगळा सिकलसेलचा पट्टा. मध्य प्रदेशात 45 जिल्हे असताना त्यांपैकी 27 या पट्ट्यात मोडत होते आणि तिथल्या वेगवेगळ्या समाजांत वाहकांचं प्रमाण 10 ते 33 टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. महाराष्ट्रात भिल्ल, माडिया, पावरा, परधान या जमातींत ते 20 ते 35 टक्क्यांवर जातं. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ, नंदुरबार ही नावं या विषयाच्या प्रत्येक अहवालात भेटतात.

जबलपूरचं नाव या कथेत आणखी एका कारणानं येतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं 1984 साली इथे आदिवासींच्या आरोग्यासाठी प्रादेशिक संशोधन केंद्र सुरू केलं. आज ते राष्ट्रीय जनजाती आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखलं जातं आणि गढ्याला, नागपूर रोडवर उभं आहे. मंडला, डिंडोरी, बालाघाटच्या गावांत जाऊन रक्ताचे नमुने घेणं, कुटुंबाकुटुंबाची माहिती जुळवणं, आजार कुणाला आणि कितपत होतो हे वर्षानुवर्षं पाहत राहणं, असं न दिसणारं काम या संस्थेनं केलं. मलेरियाचं संशोधनही तिथेच झालं. डॉ. नीरू सिंग यांनी गोंड-बैगांच्या गावांत मलेरियावर दीर्घकाळ काम केलं आणि पुढे या संस्थेचं संचालकपद सांभाळलं.

मलेरिया आणि सिकलसेल एकाच छपराखाली यावेत यात नवल नाही. अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 साली पूर्व आफ्रिकेतल्या निरीक्षणांवरून दाखवलं की सिकलसेलचं एकच जनुक असलेल्या, म्हणजे वाहक, मुलांना फाल्सिपारम मलेरियाच्या जीवघेण्या रूपापासून बरंचसं संरक्षण मिळतं. त्याआधी 1949 मध्ये जे. बी. एस. हॉल्डेन यांनी थॅलेसेमियाबद्दल असाच तर्क मांडला होता. हेच हॉल्डेन पुढे भारतात स्थायिक झाले. ज्या जंगलात मलेरियानं पिढ्यान्‌पिढ्या पोरं नेली, तिथे वाहक पोरं तगली आणि हे जनुक टिकलं. म्हणून ‘या लोकांत हा आजार का?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या आहारात, स्वच्छतेत किंवा पूर्वजन्मात शोधू नये. त्यांचे पूर्वज ज्या रानात राहिले त्या रानात ते आहे. विदर्भात अनेक वर्षं सिकलसेलवर अमुक जातीचा आजार असा शिक्का मारला गेला. वस्तुस्थिती अशी की तो आदिवासींत, अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही आढळतो. जनुकाला जातीचा दाखला लागत नाही.

ग्लोबिनचा दुसरा मोठा आजार थॅलेसेमिया. सिकलसेलमध्ये साखळीची घडण चुकते. थॅलेसेमियात साखळी कमी बनते किंवा बनतच नाही. बीटा थॅलेसेमियाचे वाहक आपल्याकडे सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली अशा समाजांत तुलनेनं अधिक आढळतात आणि फाळणीनंतर जबलपुरात स्थिरावलेला सिंधी समाज मोठा आहे. म्हणजे या एका शहरात दोन वेगळ्या वाटांनी आलेले दोन दोष शेजारी नांदतात. एका पालकाकडून सिकलसेलचं आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाचं जनुक आलं तर होणारा संमिश्र आजारही अनेकदा तितकाच त्रासदायक असतो. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं आणि त्या रक्तातून साठत जाणारं लोह बाहेर काढायला आयुष्यभर औषध घ्यावं लागतं. इथे लोहाच्या बाटलीचा प्रश्न पुन्हा येतो, पण उलटा. वाहक व्यक्तीच्या पेशी लहान आणि फिकट असतात, हिमोग्लोबिन थोडं कमी असतं. अहवाल वरवर लोहाच्या कमतरतेसारखाच दिसतो. मग वर्षानुवर्षं लोह दिलं जातं आणि आकडा हलत नाही. शरीरातलं लोह आधी मोजावं, कमी असेल तर जरूर द्यावं, आणि तरीही आकडा जागचा हलला नाही तर ग्लोबिनची तपासणी करावी, इतका साधा क्रम पाळला तर पुष्कळ बाटल्या वाचतील.

ग्लोबिनचा मधुमेहाशीही जुना संबंध आहे. 1939 साली संशोधकांनी गाईबैलांच्या रक्तातून काढलेलं ग्लोबिन आणि जस्त इन्सुलिनमध्ये मिसळलं, तर इन्सुलिन सावकाश रक्तात उतरतं आणि जास्त तास पुरतं असं दाखवलं. ‘ग्लोबिन झिंक इन्सुलिन’ या नावानं ते काही वर्षं वापरात होतं. पुढे त्याहून सोयीची इन्सुलिनं आली आणि ते मागे पडलं. दुसरा संबंध मात्र आज घराघरांत पोचला आहे. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून आपण जी एचबीए1सी तपासणी करतो, तीत मोजलं जातं ते बीटा ग्लोबिनच्या टोकाला चिकटलेलं ग्लुकोज. 1960 च्या दशकाच्या अखेरीस इराणचे सॅम्युअल रहबर यांना मधुमेहींच्या रक्तात हे बदललेलं हिमोग्लोबिन आढळलं. तांबडी पेशी सुमारे चार महिने जगते या गृहीतावर ही तपासणी उभी आहे. पेशी लवकर मोडत असतील किंवा नुकतंच दुसऱ्याचं रक्त चढवलं असेल तर तो आकडा फसवतो, बहुधा साखर आहे त्याहून कमी दाखवतो. सिकलसेलच्या पट्ट्यात मधुमेहाचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांनी आणि स्वतः रुग्णांनीही हे लक्षात ठेवलं पाहिजे.

उपचारांचा धागा गर्भाच्या हिमोग्लोबिनपर्यंत जातो. ब्रुकलिनच्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी 1948 साली लिहून ठेवलं की सिकलसेल असलेल्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकड्या होत नाहीत आणि त्याचं श्रेय गर्भाच्या हिमोग्लोबिनला असावं. मग ते मोठेपणीही टिकवता आलं तर? कर्करोगावरचं जुनं औषध हायड्रॉक्सीयुरिया हेच काम बऱ्याच अंशी करतं. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत त्यानं कळांचे झटके जवळपास निम्म्यावर आणले आणि 1998 मध्ये तिथे सिकलसेलसाठी त्याला मान्यता मिळाली. गोळी महाग नाही. पण ती रोज घ्यावी लागते, अधूनमधून रक्त तपासावं लागतं, आणि मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांशी आधी बोलावं लागतं. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेनं कॅसगेव्ही या जनुक-संपादनाच्या उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून त्यांतली गर्भाचं ग्लोबिन बंद करणारी कळ निकामी करायची आणि त्या परत द्यायच्या, अशी ही पद्धत. अमेरिकेतली तिची किंमत 22 लाख डॉलर. दिल्लीच्या आयजीआयबी या संस्थेतही सिकलसेलसाठी स्वदेशी जनुक-संपादनावर काम चालू आहे. याउलट व्हॉक्सेलोटर हे ग्लोबिनलाच चिकटून त्याचे दोर बनू न देणारं औषध 2019 मध्ये गाजावाजात बाजारात आलं आणि सुरक्षिततेच्या शंकांमुळे 2024 मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं. नव्या औषधांची बातमी वाचताना आशा ठेवावी. पण मंडल्याच्या मुलाला आज वाचवणाऱ्या गोष्टी जुन्याच आहेत. हायड्रॉक्सीयुरिया, लहानपणी पेनिसिलिन, न्यूमोकॉकसची लस, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना, आणि कळा येतात म्हणणाऱ्या रुग्णावर विश्वास.

महाराष्ट्रात ही साधी सेवा गावापर्यंत नेणारी माणसं होती. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं आदिवासी भागांतल्या सिकलसेलच्या तपासणीला आणि उपचारांना दिली; 2019 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारचं पाऊलही आता पुढे पडलं आहे. मध्य प्रदेशात 15 नोव्हेंबर 2021 रोजी झाबुआ आणि अलीराजपूर या जिल्ह्यांपासून सिकलसेल मिशन सुरू झालं. 1 जुलै 2023 रोजी पंतप्रधानांनी जबलपूरहून फार दूर नसलेल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचं उद्घाटन केलं: 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सिकलसेल आणि थॅलेसेमिया दोन्ही दिव्यांगत्वाच्या यादीत घेतले आहेत, हेही पुष्कळ कुटुंबांना माहीत नसतं.

मात्र तपासणीचे आकडे वाढले म्हणजे काम झालं, असं नाही. शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे इतकंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, म्हणजे गावातल्या भाषेत ‘एएस’ की ‘एसएस’, हे तिला सांगता येत नाही. थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावं लागतं. आणि तो अहवाल हाती आल्यावर कुणीतरी शांतपणे बसून समजावून सांगावा लागतो. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेतात राबतो, लग्न करतो, म्हातारा होतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के, वाहक होण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष होण्याची 25 टक्के. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. जनुक आई आणि बाप दोघांकडून येतं, त्यामुळे सुनेला माहेरी पाठवण्याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. ही वाक्यं ज्या दिवशी पाटणच्या किंवा कुरखेड्याच्या आरोग्य केंद्रात आशाताई सहज बोलतील, त्या दिवशी मोहीम खरी सुरू झाली असं म्हणता येईल.

पुस्तकाची मांडणी याच क्रमानं केली आहे: आधी ग्लोबिनची घडण, मग त्याचे दोष, मग तपासण्या, उपचार आणि शेवटी कुटुंबाला द्यायचा सल्ला. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या वाचकानं रसायनाची पानं गाळली तरी चालेल. तपासणी आणि सल्ल्याची प्रकरणं मात्र गाळू नयेत. मराठी घरांत लग्नाआधी पत्रिका पाहतात, ज्यांना पाहायची त्यांनी पाहावी. त्याच सुमाराला मुलाची आणि मुलीची ग्लोबिनची तपासणी एकदा करून घ्यावी. आयुष्यात एकदा केली की पुरते, कारण ग्लोबिनचं जनुक वयाबरोबर बदलत नाही. अहवाल जपून ठेवा, वाचून घ्या, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना हिमोग्लोबिन किती आहे हे विचारून झाल्यावर ते कोणतं आहे हेही विचारा.